वाण बदलून घ्या

अमळनेरला आमचं बांगड्या, भेटवस्तू आणि शोभेच्या सामानाचं दुकान आहे. संक्रांत ते रथसप्तमी हा आमचा खरा सीझन. हळदीकुंकवाचं वाण घ्यायला गावातल्या बाया येतात, मारवड, पातोंडा, अमळगावकडूनही येतात. प्रत्येकीला वीस-पंचवीस नग हवे असतात आणि भाव दहा-पंधरा रुपयांच्या वर गेलेला चालत नाही.

२०२५ च्या संक्रांतीला मी जळगावच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून बॅटरीवर चालणारे दिवे आणले. छोट्या मेणबत्तीसारखे, पांढऱ्या प्लॅस्टिकचे, वर पिवळी ज्योत, खाली चालू-बंदचं बटण. एका खोक्यात २४, अशी २० खोकी. ४८० दिवे. दहा रुपयाला एक विकला तरी मला तीन रुपये सुटत होते. तेल सांडत नाही, वारा लागून विझत नाही, देवघरात रात्रभर ठेवता येतो. बायांना फार आवडले. आठवड्यात १६ खोकी संपली.

२२ जानेवारीला, बुधवारी, दुपारी बाराच्या सुमारास मागच्या गल्लीतली सून पोरीला कडेवर घेऊन धावत आली. पोर पावणेदोन वर्षांची. आम्ही सगळे तिला छकुलीच म्हणतो. तोंडातून लाळेची धार लागलेली, दूध पाजलं तर बाहेर काढत होती. आदल्या संध्याकाळी सून एका घरी हळदीकुंकवाला गेली होती, तिथून वाणात मिळालेला दिवा तिने देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला होता. सकाळी पोरीने तो ओढला. आई स्वयंपाकघरातून येईपर्यंत दिवा फरशीवर पडलेला होता, खालचं झाकण निघालेलं होतं आणि आतला चपटा सेल कुठेच नव्हता. तिने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. तो रिकामा दिवा सोबत आणला. तिने मूठ उघडली आणि मी पाहिलं, दिवा माझ्या दुकानातला होता.

तिच्या सासूबाई मागोमाग केळं सोलत आल्या. आमच्याकडे घशात काही अडकलं की पहिला उपाय केळ्याचा. माश्याचा काटा असो की गोळी, केळं भरवा, खाली जाईल. मीही लहानपणापासून तेच ऐकलेलं. पण पोर गिळतच नव्हती, म्हणून केळं तसंच राहिलं. नंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बरं झालं. अशा वेळी केळं भरवायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही, एक मिनिटही न दवडता एक्स-रेला न्यायचं.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फिल्मवर छातीच्या वरच्या भागात पांढरी गोल चकती दिसत होती. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडे धरून कडेवर बोट फिरवलं. "नाणं असतं तर एकच कड दिसली असती. ही बघा, आत अजून एक रिंग आहे. सेलच आहे. आत्ताच्या आत्ता धुळ्याला निघा." माझ्या मिस्टरांनी गाडी काढली, मी मागे छकुलीच्या आईजवळ बसले. तो पाऊण तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. पोर रडत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दुर्बिणीने सेल काढला तेव्हा साडेतीन वाजले होते. गिळून चार तासांच्या वर झाले होते. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये तो आम्हाला दाखवला. रुपयाच्या नाण्याएवढा. एक बाजू अजून चकचकीत, त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं. दुसरी बाजू काळी पडलेली. मी विचारलं, "आतलं ॲसिड बाहेर आलं का?" ते म्हणाले, नाही, लोकांचा हाच गैरसमज असतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. अन्ननलिका ओली असते. सेलच्या दोन्ही बाजूंना ती चिकटली की तिच्यातूनच वीज वाहायला लागते आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो. तो मांस जाळतो. दोन तासांत खोल भाजू शकतं. सीआर २०३२ मधला २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा सेल. लहान पोराच्या अन्ननलिकेत नेमका अडकून बसेल असंच त्याचं माप आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी पुढे शंभर वेळा लोकांना सांगितली: दिवा लागत नाही म्हणजे सेल मेला असं नाही. ज्योत पेटवायला जो कमी पडतो, तो घसा जाळायला पुरून उरतो.

त्यांनी छकुलीच्या आईला विचारलं, "कुठल्या खेळण्यातला होता?"

ती म्हणाली, "खेळण्यातला नाही डॉक्टर, वाणातला."

मी बाजूला उभी होते. त्या क्षणी माझ्या मनात फक्त आकडा आला. तीनशे चौऱ्याऐंशी. एवढे दिवे मी विकले होते आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. म्हणजे अर्ध्या बायांचं हळदीकुंकू अजून व्हायचं होतं.

रात्री दुकानात येऊन मी उरलेल्या खोक्यातला एक दिवा काउंटरवर उलटा ठेवला. खालचं झाकण गोल, त्याला एक बाणाची खूण आणि एक बारीक खाच. खाचेत अंगठ्याचं नख घातलं, झाकण टक् करून निघालं. स्क्रू नाही, दोन बोटांनी दाबायची सोय नाही, काही नाही. मग काउंटरच्या उंचीवरून तो फरशीवर पाडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा झाकण एकीकडे, सेल कपाटाखाली. असे सहा दिवे पाडले, चारांचे सेल बाहेर आले. मी खोकी उलटीसुलटी करून पाहिली. वर गुलाबी कमळाचं चित्र, बाजूला इंग्रजीत दोन ओळी, बाकी कोरं. बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचं नाही, कोणत्या देशातला माल ते नाही, छापील किंमत नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं असायलाच हवं असा २०११ चा नियम आहे आणि दुकानदार म्हणून तो मला माहीत होता.

खेळणी घेताना मी चुकत नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कखालचा सीएम/एल नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून परवाना चालू आहे का ते मी बघते, तेव्हाच माल उचलते. खेळण्यात असा छोटा सेल असेल तर तो पेचकसाशिवाय निघता कामा नये, हेही त्या मानकात आहे. पण दिवा हे खेळणं नव्हतं. कागदावर ती शोभेची वस्तू होती आणि मीही तिच्याकडे तसंच पाहिलं. पावणेदोन वर्षांच्या पोरीने मात्र लुकलुकणारं, हातात मावणारं खेळणंच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेली चार खोकी कपाटात कुलूपबंद केली आणि खतावणी उघडली. आमच्याकडे वाणाचा हिशोब वेगळ्या वहीत असतो, कारण बहुतेक बाया अर्धे पैसे आधी देतात आणि उरलेले नंतर. त्या वहीने मला तारलं. पंधरा खोकी तेरा जणींनी नेली होती, दोघींनी प्रत्येकी दोन. सगळ्यांची नावं आणि नंबर लिहिलेले होते. सोळावं खोकं मी फोडून सुटं विकलं होतं. त्या चोवीस दिव्यांपुढे वहीत एवढंच होतं: "सुटे – रोख."

तेराही जणींना मी स्वतः फोन केले. पाच जणींचं हळदीकुंकू राहिलं होतं, त्यांच्याकडची खोकी आम्ही त्याच दिवशी जाऊन उचलली आणि पैसे हातात दिले. एकीने विचारलं, "मग मी आता दोन दिवसांत वाण कुठून आणू?" रास्त प्रश्न होता. तिला मी खरेदी भावात स्टीलच्या वाट्या दिल्या. उरलेल्या आठ जणींचं वाण मात्र घराघरांत पोचलेलं होतं. तिथून पुढची वही माझ्याकडे नव्हती, ती त्या बायांच्या डोक्यात होती. कोणाला बोलावलं, कोण आलं, कोण आपल्या जावेला घेऊन आलं, कोणाचं वाण शेजारणीने नेलं.

मी एक मेसेज लिहिला: "आमच्या दुकानातून विकलेले एलईडी दिवे सदोष असल्याने कृपया परत करून पैसे घेऊन जावे." तो आठही जणींनी आपापल्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत नऊ दिवे आले. नऊच! आणि मला फोन कसले यायचे, तर "ताई, आमचा दिवा एकदम मस्त चालू आहे, आम्हाला नको बदलून." सदोष म्हटल्यावर लोकांना वाटलं, जो पेटत नाही तो परत करायचा. जो लख्ख चालतो तो त्यांनी आणखी जपून ठेवला.

दुसरी अडचण मला कळायलाही वेळ लागला. एक वयस्कर बाई दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन परत गेल्या. मी मागे जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "वाण कधी परत देतस का माय? सवाष्णीनं वाण शे ते." कुंकू लावून ओटीत घातलेली वस्तू पैसे घेऊन परत करायची, हे कोणाच्याच मनाला पटत नव्हतं. मी रात्री सासूबाईंजवळ बोलले. त्या म्हणाल्या, "परत नको म्हणू. बदलून देते म्हण. दिव्याला दिवा दे."

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही कुंभारवाड्यातून मातीच्या पणत्या आणल्या. दुसरा मेसेज मी लिहिला नाही, सासूबाईंनी अहिराणीत बोलून दिला. चाळीस सेकंदांचा. "मायबहिनीसवन, संक्रांतना वाणमा जो बॅटरीना दिवा भेटना, तो चालू व्हई तरी पोरेसना हातमा देऊ नका. त्याना सेल पोरनी गियी लिधा, धुळाले दवाखानामा शे. दिवा दुकानवर लई या, पणत्यासनी जोडी लई जा." मी त्यासोबत फक्त दोन फोटो टाकले. एक झाकण उघडलेल्या दिव्याचा, दुसरा अंगठ्यावर ठेवलेल्या सेलचा.

त्या मेसेजनंतर दुकानात रांग लागली. बाया दिवा द्यायच्या, मी त्यांना हळदीकुंकू लावून पणत्यांची जोडी द्यायची. ज्यांना पैसे हवे त्यांना दहा रुपये. काही जणी झाकणावर चिकटपट्टी लावून घेऊन आल्या, एकीने सेल वेगळा काढून पदराच्या गाठीला बांधून आणला होता. पातोंड्याहून एक आजोबा सायकलवर सात दिवे घेऊन आले, सगळ्या गल्लीचे. ते म्हणाले, आमच्या घरी दोन नातवंडं रांगतात. माल परत बोलावण्याच्या, म्हणजे रिकॉलच्या नोटिशीत "सदोष", "परतावा", "असुविधेबद्दल क्षमस्व" असे शब्द का घालतात, हे मला आजही कळत नाही. काय होऊ शकतं, कोणाला होऊ शकतं आणि वस्तू चांगली दिसत असली तरी द्यायची आहे, एवढं पहिल्या वाक्यात सांगितलं की माणसं उठून येतात.

आलेला प्रत्येक सेल आम्ही दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून काचेच्या बरणीत ठेवला. तसाच कचऱ्यात गेला तर दुसऱ्या कोणाच्या पोराला सापडायचा. मुलगा संध्याकाळी शाळेतून आला की हेच काम करायचा.

दरम्यान मी जळगावला त्या व्यापाऱ्याकडे गेले. माल परत घ्या आणि हा कुठून आला ते सांगा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, माल खपला ना तुमचा? मग?" माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं. कच्ची चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त "दिवे २०" आणि रक्कम. ती चिठ्ठी मी मान्य केली होती, हा माझा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. जीएसटीचे पैसे वाचतात म्हणून आमच्यासारखे कितीतरी दुकानदार ती मान्य करतात. वेळ येते तेव्हा त्या चिठ्ठीला काहीच किंमत नसते.

बसमधूनच मी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही ग्राहक आहात की विक्रेत्या?" पुन्हा विकायला माल घेतला तर कायद्याने आपण ग्राहक नसतो. मला वाटलं, संपलं. पण तिनेच पुढे सांगितलं, ज्यांच्या घरी हे घडलं त्यांनी तक्रार करावी. मी म्हटलं, त्यांना तर तो दिवा फुकट मिळाला होता, वाणात. ती म्हणाली, चालतं. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोही ग्राहकच. म्हणजे वाण घेणारी प्रत्येक बाई या कायद्यात बसते. छकुलीच्या वडिलांनी दवाखान्याच्या बाकावरून तक्रार नोंदवली, एक्स-रेचा आणि खोक्याचा फोटो जोडला.

दुसरा अर्ज आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १७ प्रमाणे धोकादायक मालाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे देता येते. हे प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झालं आणि कलम २० खाली ते असा माल बाजारातून परत घ्यायला, लोकांचे पैसे द्यायला आणि विक्री बंद करायला लावू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला आयएसआय मार्क नसलेल्या २,२६५ प्रेशर कुकरांच्या सगळ्या ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायचा आणि पैसे परत करायचा आदेश दिला होता, वर एक लाखाचा दंड. अर्ज लिहिताना हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, त्या २,२६५ घरांचे पत्ते कंपनीकडे होते. आमच्या दिव्यांचे पत्ते तेरा बायांना विचारून काढावे लागले.

त्याच कायद्यातलं कलम ८६ मी दोनदा वाचलं. वस्तू बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल, तर नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. खोक्यावर नाव नव्हतं. मग नाव माझंच. छकुलीच्या वडिलांनी माझ्यावर दावा लावला नाही, उलट अर्ज द्यायला ते माझ्यासोबत जळगावला आले. दवाखान्याचा खर्च आम्ही दोन्ही घरांनी मिळून उचलला. तो मी उपकार म्हणून दिला नाही आणि त्यांनी उपकार म्हणून घेतला नाही.

अर्जाची पोच घेतली. मी दोन सीलबंद खोकी मुद्दाम तशीच ठेवली होती, कारण तक्रार करायची तर नमुना हातात लागतो. काही दिवसांनी वजनमापांचे निरीक्षक दुकानात आले, पंचनामा करून ती खोकी घेऊन गेले. पाकिटावर नाव-पत्ता नसलेला माल विकल्याबद्दल मलाही नोटीस आली. मी ती रक्कम भरली. निरीक्षकांनी कच्ची चिठ्ठीही सोबत नेली, त्या व्यापाऱ्याकडे जाण्यासाठी.

छकुली ३१ जानेवारीला घरी आली. नाकात नळी होती, तिच्यातून दूध आणि पातळ पेज. जखम भरताना अन्ननलिका आवळली तर जात नाही ना, हे बघायला पुढे दोनदा औषध पाजून एक्स-रे काढले. आता ती कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि मी दिसले की दुकानातल्या बांगड्यांकडे हात करते.

रथसप्तमीच्या रात्री आम्ही वही पूर्ण केली. ३८४ पैकी ३११ दिवे परत आले. ३१ जणींनी सांगितलं की आम्ही सेल काढून, पट्टी लावून दिवा टाकून दिला. राहिले ४२. त्यातले २४ वाणातले. ते मुंबई-सुरतेला गेलेल्या पाहुण्यांसोबत गेले असावेत, संक्रांतीला माहेरी आलेल्या लेकी होत्या कितीतरी. आणि १८ सुटे. सुट्या चोवीसातले सहाच परत आले. बाकीच्यांचे चेहरे आठवायचा मी फार प्रयत्न केला. एक गृहस्थ होते, शिरपूरच्या बसची वाट बघत असताना दुकानात शिरले होते. पोरीच्या शाळेच्या नाटकाला हवेत म्हणून चार दिवे घेतले. त्यांनी सुटे पैसे मोजून दिले आणि बस लागली म्हणून धावत गेले. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं.

दिवा असा आहे: रुंदीला साधारण चार सेंटिमीटर, पांढरा, किंचित दुधी. पिवळी ज्योत लुकलुकते. खाली काळं सरकतं बटण, त्याशेजारी गोल झाकण, झाकणावर बाण आणि नखाएवढी खाच. स्क्रू नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमळनेरच्या बाजूने तो तुमच्या घरी वाणात, भेटीत किंवा असाच आला असेल, तर झाकणावर आत्ताच चिकटपट्टी लावा आणि दिवा पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. दुकानात आणून द्या, पणत्या अजून ठेवलेल्या आहेत. दिवा चालू असला तरी आणा.